रुसी, एक एसचा आणि दोन एसचा

गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीला मी एक कार्ड दाखवत होते, म्हणजे कार्डाचा स्कॅन, १८९५ सालचं, मेयो कट प्लग तंबाखूबरोबर मिळायचं ते, काळ्या किनारीचं, मधोमध न्यूयॉर्क जायंट्स या बेसबॉल टीमचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, एमॉस रुसी. म्हटलं बघ, याच्या नावात चूक आहे. तिने स्कॅन बघितला, मग बाजूला माझी वही उघडी होती त्यात मी देवनागरीत लिहिलेलं नाव बघितलं आणि म्हणाली, कुठे आहे चूक? रुसी तर रुसी.

आणि तिचं बरोबर होतं. इंग्रजीत त्या कार्डावर दोन एस छापलेत, हवा होता एकच. नंतर एक एसचं दुरुस्त कार्डही निघालं, त्यामुळे या मालिकेत रुसीची दोन स्पेलिंगं सापडतात आणि जमवणारे दोन्ही मागे लागून शोधतात. पण देवनागरीत लिहिलं की दोन्ही कार्डांवरचा माणूस एकच, रुसी. चूक गायबच होते! त्या दिवसापासून मी माझी सगळी जुनी यादी काढून बसलेय आणि प्रत्येक चुकलेल्या नावाला एकच प्रश्न विचारतेय, की ही चूक कानाला ऐकू येते का फक्त डोळ्याला दिसते. त्यातून जे दिसायला लागलं ते लिहून ठेवावंसं वाटलं म्हणून ही पोस्ट, जरा लांबेल.

आधी रुसीबद्दल दोन वाक्यं, कारण तो काही कोपऱ्यातला खेळाडू नव्हता. इंडियाना राज्यातला हा पोरगा इतक्या जोरात बॉल टाकायचा की १८९३ मध्ये पिचरला मागे सरकवून बॅटरपासूनचं अंतर ६० फूट ६ इंच केलं गेलं त्यामागे रुसीच्या वेगाचं कारण नेहमी सांगितलं जातं, आणि ते अंतर आजही तेच आहे. १८९४ मध्ये त्याने ३६ मॅचेस जिंकल्या. म्हणजे कार्ड छापलं त्याच्या आदल्याच वर्षी हे नाव पेपरात रोज येत असणार, आणि तरी रिचमंडच्या मेयो कंपनीचं कार्ड छापताना नावात एस वाढला. अनोळखी माणसाचं नाव चुकणं समजू शकतं, पण इतक्या प्रसिद्ध माणसाचं नाव चुकतं तेव्हा मला त्यात दुर्लक्षापेक्षा वेगळं काहीतरी दिसतं. हे नाव लोकांनी वाचलेलं कमी आणि ऐकलेलं जास्त होतं. बाकावर बसून ओरडलेलं, सलूनमध्ये वाद घालताना घेतलेलं. रुसी म्हणताना एक एस का दोन हे कुणाला ऐकू येणार?

आता थोडं मागे जाऊ, १८८७ ते १८९० मध्ये, कारण चुकांची खरी खाण तिथे आहे. न्यूयॉर्कची गुडविन अँड कंपनी, तिची ओल्ड जज नावाची सिगरेट, आणि त्या पाकिटात सिगरेटी चेपू नयेत म्हणून घातलेला जाड कागदाचा तुकडा, साधारण साडेतीन सेंटिमीटर रुंद आणि सव्वासहा उंच. त्यावर तपकिरी रंगाचा खराखुरा फोटो चिकटवलेला. कॅटलॉगमध्ये ही मालिका एन१७२ म्हणून ओळखली जाते, ५०० हून जास्त खेळाडू आणि एकेकाच्या कितीतरी पोझ, सगळ्या मिळून हजारोंच्या घरात. बरेचसे फोटो स्टुडिओत काढलेले, मागे रंगवलेला पडदा, खाली गालिचा, आणि बॉल हवेत दिसावा म्हणून दोरीने टांगलेला, ती दोरी कित्येक कार्डांत स्पष्ट दिसते आणि कॅचर (बॅटरमागे बसून बॉल झेलणारा) तिच्याकडे इतक्या गंभीरपणे बघत असतो की मला दर वेळी त्याच्याबद्दल माया वाटते. कॅमेऱ्यासमोर हलायचं नाही, बॉल येतोय असं दाखवायचं, आणि हे सगळं कशासाठी तर सिगरेटच्या पाकिटात घालायच्या तुकड्यासाठी.

नाव मात्र फोटो काढणाऱ्याच्या हातात नव्हतं. फोटोवर नाव, मैदानातली जागा आणि टीम लिहिलेली पट्टी लावायची, असे बरेच फोटो एकत्र मांडून त्यांचा परत फोटो घ्यायचा, त्यावरून प्रिंट काढायच्या, कापायच्या, चिकटवायच्या. सुरुवातीच्या कार्डांवर हाताने लिहिलेली अक्षरं आहेत, नंतर छापखान्याच्या खिळ्यांची. म्हणजे पट्टी लिहिणारा माणूस वेगळा, आणि त्याच्यासमोर ५०० नावांची यादी, त्यात निम्मी आयरिश नाहीतर जर्मन घरांतली. शिवाय खेळाडू टीम बदलायचे तसा तोच जुना फोटो नव्या पट्टीसह परत वापरला जायचा, त्यामुळे एकदा बरोबर लिहिलेलं नाव दुसऱ्यांदा चुकायची पुन्हा संधी. यादी त्याला कुठून मिळत असेल? मला वाटतं बरीचशी पेपरातून. आणि पेपरातली नावं कशी यायची तर तारेने.

इथे मला थांबावंसं वाटतं कारण ही गोष्ट कळली तेव्हा मी अक्षरशः खुर्चीतून उठले होते. अमेरिकेत तेव्हा तारेसाठी जो मोर्स कोड होता तो आपण आज ओळखतो तो नाही, जुना अमेरिकन मोर्स. त्यात काही अक्षरांच्या पोटातच मोकळी जागा असायची. दोन टिंबं लागोपाठ वाजली तर आय, पण त्याच दोन टिंबांत जरा थांबलं तर ओ. तीन टिंबं सलग म्हणजे एस, पहिल्यानंतर थांबलं तर आर, दुसऱ्यानंतर थांबलं तर सी. फरक फक्त क्षणभर थांबण्याचा! साधा इंग्रजी शब्द असेल तर ऐकणारा ऑपरेटर अर्थावरून सावरून घेणार, पण आडनावाला अर्थ नसतो, तिथे काय लावणार तो. मग ते कागदावर उतरणार, ते वाचून दुसरा माणूस एकेक खिळा उचलून ओळ लावणार (लिनोटाइप यंत्र पहिल्यांदा पेपरात वापरलं गेलं तेच १८८६ मध्ये, न्यूयॉर्क ट्रिब्यूनमध्ये), आणि बॉक्स स्कोअरचा, म्हणजे मॅचच्या आकडेवारीच्या तक्त्याचा, कॉलम इतका अरुंद की लांब नाव कापावं लागणार. इतक्या हातांतून गेलेलं नाव शेवटी सिगरेटच्या पाकिटात पोचायचं. यातून जी नावं बरोबर आली त्यांचंच मला जास्त आश्चर्य वाटतं.

आता डेली. या एका आडनावावर मी तीन संध्याकाळी घालवल्या आहेत. कॉन डेली, एड डेली आणि टॉम डेली, तिघेही त्याच काळात वरच्या लीगमध्ये खेळणारे. कॉन आणि एड यांच्या स्पेलिंगमध्ये आय आहे, टॉमच्या नाही. कॉन कॅचर. टॉमही कॅचर. एड पिचर आणि आउटफिल्डर (मैदानाच्या लांबच्या भागात उभा राहणारा), तो १८८७-८८ मध्ये वॉशिंग्टनकडे, आणि तो गेल्यावर १८८९ मध्ये वॉशिंग्टनला आला कोण, तर टॉम! कार्डावर पहिलं नाव बहुतेक वेळा नसतंच, फक्त आडनाव, जागा आणि गाव. बरं आडनावापुढे सी हे अक्षर असेल तर तो कॅचरचा सी का कॉनचा सी हेही आधी ठरवायला लागतं. म्हणजे इथे एक आय इकडचा तिकडे झाला की माणूसच बदलतो, आणि कान काहीही मदत करत नाही कारण तिघंही कानाला डेलीच. माझ्या वहीत देवनागरीत तिघांची नावं एकाखाली एक लिहिली तेव्हा मलाच कळेना कोण कुठला, शेवटी प्रत्येकापुढे कंसात आयवाला आणि बिनआयवाला असं लिहिलं. एड १८९१ मध्येच गेला, तिशीही पूर्ण झाली नव्हती. त्याच्या वाट्याची कार्डं तरी त्याच्या नावावर राहावीत असं मला फार वाटतं.

जर्मन नावांची गंमत वेगळी. डेट्रॉइटचा पिचर चार्ली गेट्झीन, १८८७ ची वर्ल्ड सिरीज डेट्रॉइटने सेंट लुइसला हरवून जिंकली त्या टीममधला, मूळ जर्मनीत जन्मलेला, टोपणनाव प्रेट्झेल्स. त्याच्या नावात आय आधी का ई आधी यावरून वर्षानुवर्षं घोळ होता, जुन्या नोंदींमध्ये ई आधी, आताच्या नोंदींमध्ये आय आधी. इंग्रजी डोळ्याला ही किरकोळ उलटापालट आहे, शाळेतली मुलं रोज करतात. पण जर्मन भाषेत एक क्रम लावला की उच्चार ई होतो आणि दुसरा लावला की आय, म्हणजे एकदा तो गेट्झीन आणि एकदा गेट्झाइन. देवनागरीत ही चूक लपत नाही, सरळ समोर उभी राहते. आणि हचिसन तसाच. शिकागोचा बिल हचिसन, येलमध्ये शिकलेला, १८९० आणि १८९१ दोन्ही वर्षी ४० च्या वर मॅचेस जिंकलेला, त्याला कित्येक दशकं हचिन्सन लिहिलं गेलं कारण हचिन्सन हे जास्त ओळखीचं आडनाव, हात आपोआप तिकडे वळतो. इथे मात्र तार बिचारी निर्दोष आहे असं मला वाटतं, ही सवयीची चूक आहे. अनोळखी नाव ऐकलं की आपण त्याला जवळच्या ओळखीच्या नावात बसवतो, कुठल्याही भाषेत हेच होतं.

पण सगळ्यात जास्त वेळ मी ज्या नावांवर अडकते ती छापण्याच्या चुका नाहीतच. जायंट्सचा मिकी वेल्च, ३०० हून जास्त मॅचेस जिंकलेला पिचर, तो जन्माने वॉल्श. कार्डांवर वेल्च. आयर्लंडच्या काही भागांत वॉल्श हे नाव वेल्शसारखंच म्हणतात, त्यामुळे ब्रुकलिनमध्ये कुणीतरी ऐकून जसं लिहिलं तसं ते चिकटलं असणार असा माझा अंदाज आहे, आणि मग कार्डावरची 'चूक' हीच त्याची ओळख झाली, बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्येही तो वेल्चच. सेंट लुइसचा सिल्व्हर किंग, १८८८ मध्ये ४५ मॅचेस जिंकणारा, त्याचं घरचं आडनाव कोनिग, म्हणजे जर्मन भाषेत राजा, ते सरळ भाषांतर करून किंग झालं आणि केस रुपेरी म्हणून सिल्व्हर. कार्डावर किंग छापलंय ते चूक म्हणायचं का बरोबर? फिलाडेल्फियाचा हॅरी स्टोवी, होमरनसाठी गाजलेला, तो मुळात स्टो. आईला मुलगा बॉल खेळून पैसे कमावतो हे पेपरात वाचायला मिळू नये म्हणून त्याने नाव बदललं असं सांगतात. जेरी डेनी, तिसऱ्या बेसवर हातमोजा न घालता खेळत राहिलेला, त्याचं जन्माचं आडनाव एल्ड्रिज. आणि वॉशिंग्टनचा तो काटकुळा कॅचर कॉनी मॅक, जो पुढे ५० वर्षं फिलाडेल्फियाचा मॅनेजर होता, कॉर्नेलियस मॅकगिलिकडी. बॉक्स स्कोअरमध्ये मावेना म्हणून नाव कापलं ही गोष्ट सगळे सांगतात, पण चरित्रकार म्हणतात घरात आधीपासूनच मॅक चालायचं. मला हे दुसरं खरं वाटतं. इतकं लांब नाव असलं की शेजारीपाजारीच ते आधी कापतात, पेपरवाल्यांची वाट कोण बघतो.

यात मुद्दा असा की कार्डावरचं नाव चुकलंय हे ठरवायला आधी बरोबर काय ते माहीत असायला लागतं, आणि एकोणिसाव्या शतकात कष्टकरी घरातल्या माणसाच्या आडनावाचं एकच बरोबर स्पेलिंग असायचं असं आपण आजच्या नजरेने गृहीत धरतो. जनगणनेत एक, चर्चच्या वहीत दुसरं, कबरीवर तिसरं. चार्ली रॅडबर्नचंच घ्या, ओल्ड हॉस रॅडबर्न. १८८४ मध्ये प्रॉव्हिडन्ससाठी त्याने एका सीझनमध्ये ५९ मॅचेस जिंकल्या, काही जण ६० म्हणतात, एका मॅचचा हिशोब कुणाच्या नावावर लावायचा त्यावर ते अवलंबून आहे. आणि नावातही तसंच, शेवटी ई आहे का नाही. आजच्या पुस्तकांत ई नाही. कूपर्सटाउनला हॉल ऑफ फेममध्ये त्याची जी ब्राँझची पाटी आहे तिच्यावर मात्र ई आहे. ब्राँझमध्ये! सिगरेटच्या पाकिटातल्या कागदाला आपण किती नावं ठेवणार मग. (त्याच्या एका ओल्ड जज कार्डात त्याने कमरेवर हात ठेवून मधलं बोट बाहेर काढलंय, आणि गुडविनवाल्यांनी ते तसंच छापलंय. नाव तपासायला वेळ नव्हता तसा बोट तपासायलाही नसावा.)

जमवणाऱ्यांच्या बोलण्यात या चुकांचे दोन भाग असतात. चूक छापली आणि मागाहून दुरुस्त केली तर दोन कार्डं तयार होतात, त्यातलं जे कमी निघालं ते महाग. दुरुस्त केलीच नाही तर सगळीच कार्डं चुकलेली, मग किंमत काही वाढत नाही. विसाव्या शतकातलं याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे टी२०६ या तंबाखूच्या कार्डांच्या मालिकेतला १९०९ चा शेरी मगी, नावाच्या शेवटी दोन ई हव्या होत्या तिथे आय-ई पडलं, लगेच दुरुस्त केलं, आणि आता ते चुकलेलं कार्ड त्या मालिकेतल्या सगळ्यात महागड्या कार्डांत बसतं. एका अक्षरासाठी लोक घरदार विकायला निघतात त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, ज्याची त्याची आवड. पण यामुळे होतं काय की जी चूक महाग नाही तिच्याकडे कुणी बघतच नाही. यादीत खेळाडूचं आजचं मान्य नाव लिहितात आणि कार्डावर प्रत्यक्षात काय छापलंय ते सोडून देतात. मला हे मनापासून खटकतं. ओल्ड जजमध्ये छोट्या लीगमधले असे खेळाडू आहेत ज्यांचा दुसरा फोटो शोधूनही सापडत नाही, हेच एक कार्ड, त्यावर आडनाव, गाव आणि बस्स. त्यांच्या बाबतीत ते छापलेलं आडनाव, चुकलेलं का असेना, हाच एकमेव धागा आहे. जुन्या गावच्या पेपरात त्याच चुकलेल्या स्पेलिंगने त्यांची मॅच सापडू शकते. तुम्ही यादीत ते सुधारून टाकलंत तर धागाच तोडलात.

म्हणून मी वहीत तीन रकाने केलेत. पहिल्यात कार्डावर जे छापलंय ते इंग्रजीत, अक्षर न अक्षर, डागासकट. दुसऱ्यात आजचं मान्य नाव. आणि तिसऱ्यात देवनागरी, म्हणजे कानाला कसं येतं ते. पहिला आणि दुसरा वेगळे पण दोन्हीचा तिसरा रकाना सारखाच, असं झालं की मला कळतं की ही कानाने प्रवास केलेली चूक आहे. तिसऱ्यातही फरक पडला की मग तार, सवय, भाषांतर, आईपासून लपवणं, काहीतरी शोधायला लागतं. आत्तापर्यंत बहुतेक नावं पहिल्या प्रकारातली निघाली. हे काही कुठल्या संशोधनात मांडायला पुरेल असं नाही, माझी यादी लहान आहे, पण मला स्वतःला त्याने त्या पट्ट्या लिहिणाऱ्या माणसाकडे बघायची नजर दिली. तो निष्काळजी होता असं मी आता म्हणत नाही. त्याने ऐकलेलं नीट लिहिलं.

हे स्कॅन बघायचे असतील तर लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे बेंजामिन एडवर्ड्स यांच्या संग्रहातली २,१०० जुनी कार्डं आहेत, १८८७ ते १९१४ मधली, फुकट बघता येतात. आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये जेफरसन बर्डिक यांचा संग्रह. सिराक्यूजचा हा माणूस, संधिवाताने हात वाकडे झालेले, कारखान्यात नोकरी, आणि जमवली तीन लाखांच्या वर कार्डं. एन म्हणजे एकोणिसावं शतक, टी म्हणजे विसाव्या शतकातली तंबाखूची कार्डं, ही पद्धत त्यांचीच. शेवटची बरीच वर्षं ते म्युझियममध्ये जाऊन बसायचे आणि त्या दुखऱ्या बोटांनी कार्डं अल्बममध्ये चिकटवायचे, १९६३ च्या जानेवारीत काम संपवलं आणि दोनेक महिन्यांत गेले. चुकलेली नावं त्यांनी तशीच ठेवली, कार्डावर पेन चालवला नाही.

माझं आत्ता वॉशिंग्टनच्या एका डेलीपाशी अडलंय. एक फोटो आहे, टोपी जरा तिरकी, हात गुडघ्यावर, आणि खालच्या पट्टीत नेमकं त्या आयच्या जागी कागद खरवडला गेलाय.